ऑनलाइन परीक्षेसाठी क्लाउड यंत्रणेचे मूल्यमापन

ऑनलाइन परीक्षेसाठी क्लाउड यंत्रणेचे मूल्यमापन : भाड्याने घेतलेले सर्व्हर, डेटाबेस आणि साठवण परीक्षेचा भार पेलतील का, लिहिलेले उत्तर सुरक्षित राहील का आणि विद्यार्थ्यांची माहिती गुप्त राहील का, याची परीक्षेआधी केलेली पडताळणी.

क्लाउडची सर्वमान्य व्याख्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. मागणीप्रमाणे झटपट वाढणारी-घटणारी क्षमता हे तिच्यात सांगितलेल्या पाच लक्षणांपैकी एक आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्था बहुधा याच गुणामुळे क्लाउडकडे वळतात. पण परीक्षेच्या बाबतीत नेमका त्यावरच डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. इतर संकेतस्थळांवरची गर्दी हळूहळू वाढते. परीक्षा दहाला सुरू होणार असेल, तर सगळे विद्यार्थी दहाच्या आसपास एकदमच लॉगिन करतात. २०,००० जण दोन मिनिटांत आले, तर सेकंदाला सुमारे १६७ लॉगिन होतात. भार वाढल्याचे ओळखून नवा सर्व्हर आपोआप चालू करणे म्हणजे ऑटोस्केलिंग. त्याला अनेकदा काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुरुवातीचा लोंढा येऊन गेलेला असतो. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक हातात असताना क्षमता आधीच वाढवून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

सर्व्हर वाढवले म्हणून डेटाबेस वाढत नाही, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका वेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांची, म्हणजे सर्व्हर ज्यांतून डेटाबेसशी बोलतो त्या मार्गांची, मूळ मर्यादा १०० असते. ती बदलता येते, पण प्रत्येक जोडणी स्मृती खाते. प्रत्येक नवा सर्व्हर स्वतःच्या जोडण्या उघडू लागला, तर मदतीला आणलेले सर्व्हरच डेटाबेसला गुदमरवतात. मूल्यमापनात सर्वांत आधी तपासावी ती ही जागा.

त्याखालोखाल महत्त्व उत्तरे जपण्याला. दर ३० सेकंदांनी उत्तर आपोआप जतन होत असेल, तर २०,००० विद्यार्थ्यांमागे सेकंदाला सरासरी ६६७ नोंदी होतात. सगळ्यांनी एकाच क्षणी सुरुवात केली असेल, तर या नोंदी सारख्या पसरून न येता दर अर्ध्या मिनिटाला एका झुंडीने येतात. त्यामुळे प्रत्येकाच्या जतनाची वेळ थोडी मागेपुढे ठेवावी लागते. इंटरनेटची जोडणी तुटली तरी उत्तर ब्राउझरमध्ये राहून पुन्हा पाठवले जाते का, उशिरा पोहोचलेली जुनी नोंद नव्या उत्तरावर तर बसत नाही ना, उरलेला वेळ विद्यार्थ्याच्या संगणकावरून मोजला जातो की सर्व्हरवरून, हे सारे प्रत्यक्ष करून पाहायचे असते. पाहणीसाठी इंटरनेटची जोडणी मुद्दाम तोडावी. एखादा सर्व्हर, जमल्यास एक संपूर्ण डेटा सेंटर बंद करून पाहावे.

भारचाचणीसाठी जेमीटर, केसिक्स, लोकस्ट अशी साधने वापरतात. नुसते मुखपृष्ठ हजारो वेळा उघडून काहीच सिद्ध होत नाही. चाचणीतल्या आभासी विद्यार्थ्याने लॉगिन करावे, प्रश्नपत्रिका उघडावी, उत्तर बदलावे, पान अडकले की घाबरून पुन्हापुन्हा रिफ्रेश करावे. खरे विद्यार्थी हेच करतात. निकाल वाचताना प्रतिसादाच्या सरासरी वेळेने फसू नये. सर्वांत मंद प्रतिसाद मिळालेले १ टक्का विद्यार्थी म्हणजे २०,००० पैकी २०० जण, आणि त्यांचीही परीक्षा तितकीच खरी असते.

सेवाकरारातली टक्केवारीही याच नजरेने वाचावी. ९९.९ टक्के उपलब्धतेच्या हमीत ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटांचा खंड बसतो. तो मध्यरात्री पडला तर कोणाला कळणारही नाही. परीक्षेच्या तासात पडला तर परीक्षाच गेली. भरपाई मात्र दोन्ही वेळी सारखीच: खंड हमीच्या मर्यादेत असेल तर काहीच नाही, मर्यादा ओलांडली तर बहुधा बिलातली सूट.

कॅमेऱ्याने देखरेख होणार असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सेकंदाला ५०० किलोबिट या दराने १०,००० विद्यार्थ्यांचे चित्रीकरण म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटचा ओघ आणि तासाला सुमारे सव्वादोन टेराबाइटची साठवण. हा ओघ उत्तरांच्या मार्गापासून अलग असावा. देखरेख कोलमडली तरी लिहिणे थांबता कामा नये. चित्रीकरण कोणत्या देशात साठते, कोण पाहू शकते आणि कधी पुसले जाते, हे करारात लिहून घ्यावे. क्लाउड कंपनी इमारत आणि यंत्रे सांभाळते. प्रवेशाचे हक्क नीट लावणे आणि प्रश्नपत्रिका वेळेआधी कोणाला दिसू न देणे ही परीक्षा घेणाऱ्याची जबाबदारी असते.

खर्चाची तुलना महिन्याच्या भाड्यावर न करता प्रत्येक परीक्षार्थीमागे करावी, कारण ही यंत्रणा बराचसा काळ रिकामी असते. तपासनोंदी ठेवण्यात मात्र काटकसर करू नये. ‘मी उत्तर पाठवले होते’ असे विद्यार्थी म्हणतो आणि यंत्रणेत ते सापडत नाही, तेव्हा कोणत्या सेकंदाला काय पोहोचले याची नोंदच त्याच्या बाजूने उभी राहू शकते.