चामडं घेताना काय बघावं : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"हे पाकीट बाराशेला आणि तसंच दिसणारं ते चारशेला, असं का?" आमच्या रविवार पेठेतल्या दुकानात हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच. दोन्ही पाकिटांवर 'जेन्युइन लेदर' असा शिक्का असतो आणि गंमत म्हणजे दोन्हींवरचा शिक्का खरा असू शकतो. किंमत ठरते ती जनावराच्या कातड्यातला कोणता थर वापरलाय आणि ते कातडं कशानं कमावलंय यावर.

वरचा थर, खालचा थर

आमच्याकडचा बहुतेक माल म्हशीच्या चामड्याचा, आणि अस्तराला व नाजूक पाकिटांना बकरीचं चामडं. म्हशीचं कातडं चांगलं जाड असतं. पाकिटाला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडी पुरते, म्हणून ते मशीनवर आडवं चिरून थर वेगळे करतात. केसांची छिद्रं असलेला वरचा पृष्ठभाग न घासता तसाच ठेवला, की ते फुल ग्रेन. त्यावर कुठे काट्याचा ओरखडा, कुठे गोचीड चावल्याचा ठिपका दिसतो. कृपया असा माल 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत करू नका, तो सगळ्यांत महागाचा आहे. हेच डाग घासून काढले, वर रंगाचा थर दिला आणि ठशानं नक्षी दाबली, की कॉरेक्टेड ग्रेन. दिसायला एकसारखं, डाग पडला तर पुसायला सोपं. ऑफिसच्या बॅगेला काहीच वाईट नाही, फक्त किंमत त्या मानानं कमी हवी.

खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याची लव वर काढली की स्वेड होतं, आणि वर प्लॅस्टिकसारखा लेप चढवला की चारशेचं पाकीट होतं. नुबक दिसतं स्वेडसारखंच, पण ते वरचा थर हलका घासून करतात, त्यामुळे जास्त टिकतं. बाँडेड लेदर म्हणजे कारखान्यात उरलेला चामड्याचा चुरा डिंकासारख्या चिकट द्रव्यात घालून लाटलेला पत्रा. आम्ही तो ठेवत नाही. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत त्यावरचा लेप दोन-तीन वर्षांत पापुद्रे धरतो आणि तक्रार आमच्याकडे येते.

कमावणं

कच्चं कातडं मीठ लावून कारखान्यात येतं. ते भिजवून, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सुटे करतात, आतल्या बाजूचं मांस खरवडतात आणि मग चुना धुऊन काढतात. इथपर्यंत सगळ्या चामड्यांचं सारखंच. पुढे वाटा फुटतात.

जुनी वाट झाडपाल्याची. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कातडं मुरवतात. पोट साफ व्हायला घेतो तोच हिरडा. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत तो गोळा होतो. त्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतं, म्हणून ते पुढे सडत नाही. याला काही आठवडे लागतात, जाड कातड्याला महिनेही लागतात. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल याच पद्धतीच्या चामड्याची. हे चामडं सुरुवातीला ताठ आणि फिकट बदामी असतं. हाताचा घाम, ऊन आणि तेल लागून ते गडद होत जातं. बेल्ट घ्यायचा असेल तर आम्ही हेच सुचवतो.

दुसरी वाट क्रोमची. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळली आणि आज जगातलं बहुतांश चामडं तसंच कमावतात. मोठ्या फिरत्या ड्रममध्ये एखाद्या दिवसात काम होतं. बाहेर निघणारं कातडं ओलं आणि निळसर असतं, धंद्यात त्याला 'वेट ब्लू' म्हणतात. पुढे रंग आणि तेल देऊन ते मऊ करतात. कडेला रंग लावलेला नसेल तर कापलेल्या कडेच्या मधोमध कधी कधी राखाडी-निळसर रेघ दिसते. झाडपाल्याचं असेल तर कड आरपार बदामी. क्रोमचं चामडं मऊ, उष्णता आणि पाणी जास्त सोसणारं. दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्यांनी बॅग याचीच घ्यावी. मात्र क्रोमचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर नदीचं वाटोळं होतं. त्यामुळे आम्ही माल उचलताना कारखान्यात सांडपाण्याची सोय आहे का, हे विचारतो.

'हंटर' म्हणून जे मागितलं जातं, ते तेल-मेण भरपूर मुरवलेलं चामडं. नखानं ओढलं की रेघ पांढुरकी उमटते आणि बोटानं चोळली की जाते. ओरखड्यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी नाही.

काडी लावून बघू नका

'खरं चामडं जळत नाही' म्हणून काही गिऱ्हाइकं बेल्टाच्या टोकाला लायटर धरतात. लेप दिलेलं अस्सल चामडंही वरून वितळतं, आणि बाँडेड लेदर जळल्यावर केस जळल्यासारखा वास येतो, कारण त्यात चामड्याचा चुरा असतोच. त्यापेक्षा कड बघा, आतली बाजू बघा. आत तंतूंची लव दिसते की विणलेलं कापड, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

पावसाळ्यात

भिजलं तर वर्तमानपत्राचा बोळा आत भरून सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलं की जुलै-ऑगस्टात बुरशी धरणारच, म्हणून जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडानं पुसा. खोबरेल तेल चोळू नका. चामडं काळं आणि चिकट पडतं, वास येतो. वर्षातून दोनदा लेदर क्रीम, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. स्वेडला क्रीम लावायचं नाही, फक्त ब्रश. आणि स्वेडचे बूट पुण्यात जून ते सप्टेंबर बाहेर काढूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडून घेतलेल्या बेल्टाला नवं भोक पाडून देण्याचे पैसे घेत नाही. पाकीट-बॅगेची उसवलेली शिवण आणि बिघडलेली चेन दुरुस्त करून मिळते. बिल नसलं तरी चालेल, माल आमचा आहे की नाही हे शिवणीवरून आम्हाला कळतं. गणपतीच्या दहा दिवसांत पेठेत गाडी आणणं अवघड असतं, दुरुस्तीचं काम त्याआधी किंवा नंतर आणावं.