टॉवर लाइनखाली उजळणारी ट्यूब

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून निघालेल्या टॉवर लाइनी आपल्या शेतांवरून जातात. अंधार पडल्यावर चार लाख व्होल्टच्या लाइनखाली चार फुटी ट्यूब उभी धरली, तर ती फिकट पांढरी उजळते. वायर नाही, चोक नाही, आकडाही नाही. फिलामेंट तुटली म्हणून घरातून काढलेली ट्यूबसुद्धा उजळते, कारण इथे फिलामेंटचं कामच नसतं.

बघणारे म्हणतात, तारेतून वीज गळतेय. तसं ते गळणं नव्हे. २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात निकोला टेस्ला या विद्युत संशोधकाने जस्ताचे दोन पत्रे लांब लांब टांगले, त्यांना उच्च दाबाची, अतिवेगाने दिशा बदलणारी वीज जोडली आणि मधल्या मोकळ्या जागेत हातात धरलेली काचेची नळी पेटवून दाखवली. आपल्याकडे एक पत्रा म्हणजे वरच्या तारा आणि दुसरा म्हणजे खालची काळी जमीन. या दोन्हींमधल्या विद्युत क्षेत्रात दर मीटरला काही हजार व्होल्टचा फरक पडतो. नळीतला विरळ वायू पेटायला तेवढा पुरतो. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

हा उजेड टेस्लाच्याही आधीचा आहे. १६७५ च्या सुमारास झाँ पिकार या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला हलवलेल्या बॅरोमीटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या पाऱ्याच्या नळीत, पाऱ्यावरच्या पोकळीत, तो पहिल्यांदा दिसला. पुढे लंडनमध्ये फ्रान्सिस हॉक्सबीने हवा काढलेला काचेचा गोळा फिरवून, त्यावर हात घासून तो मुद्दाम काढला. १८५७ मध्ये गाइसलर या जर्मन कारागिराच्या, विरळ वायू भरलेल्या काचेच्या नळ्या आल्या. घराघरातली ट्यूब बाजारात आली ती १९३८ मध्ये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. हा खेळ म्हणून कुणी करू नये. तुषार सिंचनाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप तर लाइनखाली कधीच उभा करू नये. इतक्या दाबाला तारेला स्पर्श व्हावा लागत नाही, पाइप नुसता जवळ गेला तरी माणूस जातो.

२००४ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ रिचर्ड बॉक्स या कलावंताने अशाच लाइनखालच्या शेतात १३०१ ट्यूबा जमिनीत रोवल्या. संध्याकाळ होताच सगळं शेत उजळलं. माणसं त्यांच्यामधून चालू लागली, की जवळच्या ट्यूबा मंदावत. माणसाचं अंगही वीज वाहून नेतं, त्यामुळे आजूबाजूचं क्षेत्र तेच अडवतं. हातात धरलेल्या ट्यूबमध्येही हेच दिसतं: मुठीच्या वरचा भाग उजळतो, खालचा काळाच राहतो.