कल्हई

कल्हई : तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ मुलामा. तो देण्याच्या कामालाही हाच शब्द लावतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः तांब्याच्या भांड्यांपुरती आहे. घासणे आणि कल्हई ही त्यांच्या निगेची दोन अंगे असून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कारण ज्या आंबटाने भांडे बाहेरून उजळते, त्याच आंबटापासून ते आतून राखायचे असते.

व्युत्पत्ती : मराठी ‘कल्हई’, हिंदी ‘कलई’, तुर्की ‘कलाय’ आणि पोर्तुगीज ‘कलाईं’ हे शब्द कथील या अर्थाच्या अरबी ‘कलई’पर्यंत मागे नेता येतात. (‘ह’ हिंदी रूपात नाही, मराठीत आहे.) त्यापलीकडे मात्र मतभेद आहेत. अरब भूगोलकारांनी साधारण नवव्या शतकापासून पूर्वेकडील ‘कलाह’ नावाच्या बंदराचा आणि तेथील कथलाचा उल्लेख केला आहे. हे बंदर मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर असावे, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत दिसते. काही जण ते आजच्या मलेशियातील केडा मानतात, काही त्याच्या उत्तरेस थायलंडच्या किनाऱ्यावर शोधतात. धातूला नाव या बंदरावरून मिळाले, हे मत १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही संभाव्य म्हणून नोंदलेले आहे. पण अडचणही तेथेच दाखवली आहे. धातुवाचक शब्द आणि बंदराचे नाव यांची अरबी लिपीतील आद्य व अंत्य अक्षरे वेगळी आहेत. म्हणून दुसरा पक्ष किल्ला या अर्थाच्या ‘कल्अ’ शब्दाकडे वळतो. मात्र किल्ल्याचा कथलाशी संबंध लावताना ओढाताण होते. मलाया द्वीपकल्पाचा कथील-पट्टा जगातील सर्वांत समृद्ध पट्ट्यांपैकी एक असल्याने आणि परभाषेतील स्थलनाम अरबीत दोन तऱ्हांनी लिहिले जाणे अगदी शक्य असल्याने बंदराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. भारतात बस्तरचा परिसर वगळता कथील फारसे सापडत नाही. तेव्हा माल दर्यावरून आला आणि त्याबरोबर नावही आले, असे मानण्यास हरकत नसावी.

शब्द अरबी असला तरी त्यावरून कला अरबी ठरत नाही. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने कथलाच्या मुलाम्याने भांड्यातील अन्नाची चव सुधारते आणि तांब्याच्या जंगाचे विष आटोक्यात राहते, असे लिहून ठेवले आहे. मुलामा दिल्यावर भांड्याचे वजन वाढत नाही याचे त्याला नवल वाटले. ही युक्ती तो गॉल लोकांची (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील प्राचीन रहिवाशांची) म्हणतो. आपल्याकडे कथील ‘त्रपु’ व ‘वंग’ या नावांनी प्राचीन काळापासून माहीत होते. मनुस्मृतीत (५.११४) तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी यांनी यथायोग्य करावी, असे सांगितले आहे. मात्र हा विषय घासण्याचा आहे, मुलाम्याचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’त मात्र स्पष्ट नोंद मिळते : बादशाही मुदपाकखान्यातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा आणि राजपुत्रादिकांच्या भांड्यांना एकदा कल्हई होत असे.

कृती : कल्हईवाला जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात कोळसा पेटवतो आणि भात्याने तो फुलवतो. भांडे आधी आतून घासून लख्ख केलेले असते. ते सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवत पुरेसे तापले की नवसागराची चिमूट टाकली जाते. नवसागर (अमोनियम क्लोराइड) तापून फुटतो, नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो आणि त्यातून निघालेल्या आम्लाने तांब्यावरचा ऑक्साइडचा थर नाहीसा होतो. लगेच कथलाची कांडी टेकवतात. कथील २३२° से. ला वितळते, तांबे सुमारे १०८५° से. ला, हे सगळे काम या दोन आकड्यांमधल्या अंतरावर चालते. वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर पसरवले की काळपट-तांबूस पोटात चांदीसारखा पांढरा रंग हाताबरोबर सरकत जातो. मग भांडे पाण्यात बुडवतात व ते चर्रर्र करून निवते. कथील वरवर चिकटलेले नसते. सांध्यावर तांबे व कथील यांचे संयुग तयार होते, म्हणून चांगली कल्हई पापुद्रा धरून सुटत नाही, झिजत जाते.

खोट कथलातच असू शकते. शिसे स्वस्त आहे आणि शिसे-कथलाचे ठरावीक मिश्रण १८३° से. लाच वितळते, त्यामुळे ते कारागिराला सोयीचे पडते. खाणाऱ्याला मात्र ते घातक आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. गिऱ्हाइकाने ही परीक्षा मागावी, त्यात संकोच नको. कल्हईचे रिकामे भांडे आचेवर ठेवू नये, कारण कथील वितळून त्याचे मणी होतात. आतून तारेची घासणीही वापरू नये. तळाशी तांबूस ठिपके दिसू लागले की पुन्हा कल्हई करण्याची वेळ झाली. तसेच वापरत राहिल्यास ताक, आमटी, चिंचेचे सार कळकते. म्हणजे त्यात तांबे उतरून ते हिरवट, तुरट होते.

घासणे : पाण्याचे हंडे-कळश्या, तांब्या आणि पूजेची ताम्हन, पळी, पंचपात्र यांना आतून कल्हई करीत नाहीत. त्यांना चिंच, लिंबू, आमसूल किंवा आंबट ताक आणि मीठ लावून, पूर्वी राख व नारळाची शेंडी घेऊन, घासत. आम्ल काळा-तांबडा ऑक्साइड विरघळवते आणि मीठ त्याला मदत करते. ताम्हनाच्या काठाच्या वळणात व नक्षीच्या खाचेत बसलेला हिरवा थर चिंचेचा कोळ थोडा वेळ लावून ठेवला की सुटतो. चोळण्याचा जोर तेथे वाया जातो. धुतल्यावर भांडे लगेच कोरड्या फडक्याने पुसणे महत्त्वाचे आहे. आम्लाचा अंश राहिला तर तासाभरात डाग पुन्हा उमटतात.

आम्लाबरोबर दर खेपेस थोडे तांबेही जाते. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या ताम्हनाची नक्षी बोटालाच लागते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बंब, घंगाळ यांसारखी भांडी नुसती मांडून ठेवायची असतील तर त्यांचा तपकिरी रंग तसाच राहू देणे इष्ट. तो थर धातूला काही प्रमाणात राखतो. पिण्याच्या पाण्यात तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. साधे पाणी रात्रभर ठेवणे आणि लिंबाचे सरबत ठेवणे यांत म्हणूनच फरक करावा.

कारागीर : पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ठोक्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पृष्ठभाग घट्ट व चमकदार करण्याला तेथे मठारकाम म्हणतात. नाशिकही तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. फिरते कल्हईवाले ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलच्या प्रसारानंतर विरळ झाले.

तांब्याची सिंक व बेसिन ही अलीकडची भर. मेक्सिकोतील सांता क्लारा देल कोब्रे या तांबटांच्या गावी ती हाताने ठोकून घडवतात. त्यांची निगा ताम्हनाच्या उलट आहे : रोज सौम्य साबण, मऊ फडके आणि कोरडे पुसणे एवढेच. लिंबाची फोड त्यात पडून राहिली तर तिच्या आकाराचा उजळ डाग पडतो. तो घासायला जाऊ नये, काही आठवड्यांत आपोआप बुजतो. वार्निश दिलेल्या सिंकवर आंबट चोळण्याचा उपयोग नाही. वार्निश जागोजागी उडाले असेल, तर ते आधी पूर्ण काढावे लागते.