कढईतली आग आणि साबण

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ऑफर फिरली: एबीसी पावडरचा अग्निशामक सिलिंडर, 'घरातल्या सर्व आगींसाठी'. भराभर अंगठे उमटले. सिलिंडर टाकाऊ नाही. ही अक्षरं आगीचे वर्ग सांगतात: ए म्हणजे लाकूड-कापड, बी म्हणजे पेट्रोलसारखे द्रव, सी म्हणजे गॅस. पण चकल्या तळताना पेटतं ते खाद्यतेल, आणि ते द्रव असूनही 'बी'त बसत नाही. युरोपात त्याला स्वतंत्र 'एफ' वर्ग आहे, अमेरिकेत 'के'.

कारण तापमान. साधारण 350 अंश सेल्सिअसच्या आसपास तेल ठिणगीशिवायच पेट घेतं. पावडरीने ज्योत दबली तरी खालचं तेल तेवढंच तापलेलं राहतं आणि पुन्हा भडकतं. पाणी तर ओतूच नये. तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होऊन सुमारे 1700 पट फुगते आणि पेटतं तेल थेट चिमणीपर्यंत उडवते.

यावरचा तोडगा मला फार आवडतो: 'वेट केमिकल' प्रकारचा सिलिंडर. आत पोटॅशियम अ‍ॅसिटेट किंवा कार्बोनेटसारख्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं, बाहेर पडतं ते बारीक तुषारांच्या रूपात. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला चिकटलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. त्या उष्णतेत द्रावणातली अल्कली हे बंध तोडते, सुटलेल्या मेदाम्लांना पोटॅशियम येऊन जुळतं, आणि तयार होतो चक्क साबण! या क्रियेला सॅपोनिफिकेशन म्हणतात. वाफेच्या बुडबुड्यांनी त्या साबणाचा फेस होतो, तो तेलावर साय धरतो, हवा तोडतो. तुषारांतलं पाणी तेल थंड करतं. एबीसीतलं मोनोअमोनियम फॉस्फेट किंचित आम्लधर्मी. त्याने साबण होत नाही.

'आमचा ओटा आग्नेयेला आहे, काळजी नाही' असंही ग्रुपवर कुणी लिहिलं. तेलाला दिशा कळत नाही, अंश कळतात.

सुरुवातीचा लहान भडका असेल तर गॅस बंद करून कडेने परात सरकवून झाका, आणि निवेपर्यंत उघडू नका. लगेच उचललीत तर हवा मिळून पुन्हा पेट घेईल. कढई हलवूही नका. सिलिंडर घेतलात तर त्यावर 'एफ' किंवा 'के' अक्षर आहे का बघा आणि तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगा. शेगडीमागच्या भिंतीवर टांगलात तर तो काढायला जळत्या कढईवरूनच हात न्यावा लागेल.