टेस्टोस्टेरॉन उपचार आणि वाढलेले इस्ट्रोजेन: आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल सुरू झाल्यानंतर आमच्याकडे एस्ट्राडायॉलची, म्हणजेच इस्ट्रोजेन गटातील मुख्य हार्मोनची, तपासणी करून घेणाऱ्या पुरुषांची पहिली शंका बहुधा एकच असते: आकडा जास्त आला आहे, तर तो उतरवण्यासाठी कोणती गोळी घ्यावी? गोळी ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, लॅबचे नाही. मात्र तो आकडा कशामुळे वाढतो आणि त्यावर आधी काय करून पाहिले जाते, हे आपल्याला ठाऊक असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमाटेज या एन्झाइममुळे एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. हे एन्झाइम चरबीच्या पेशींमध्ये भरपूर असल्याने पोटाचा घेर मोठा असलेल्या पुरुषात तेवढ्याच डोसमधून अधिक इस्ट्रोजेन तयार होऊ शकते. उपचारात एचसीजीची, म्हणजे वृषणांना हार्मोन तयार करायला लावणाऱ्या औषधाची, इंजेक्शनेही असतील तर वृषणांमधूनही त्याची भर पडते. म्हणजे थोडी वाढ होणे हे उपचाराबरोबर येणारच, आणि ती अपायकारकच असते असे नाही. पुरुषाच्या हाडांची घनता टिकवण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा आहे. जन्मतःच अरोमाटेज नसलेल्या पुरुषांची हाडे ठिसूळ राहतात आणि त्यांची उंची प्रौढ वयातही वाढत राहते, असे आढळले आहे. निरोगी पुरुषांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टेस्टोस्टेरॉन देऊनही इस्ट्रोजेन औषधाने दाबले, तेव्हा अंगावरची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. म्हणूनच आकडा जितका खाली तितके चांगले, ही समजूत आम्हाला काळजीची वाटते.

त्रास ओळखण्याच्या खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. स्तनाग्राला शर्ट घासला तरी दुखणे, बोटांनी दाबल्यावर स्तनाग्राच्या मागे रबरासारखी घट्ट चकती लागणे, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटणे, दोन-चार दिवसांत वजन वाढणे, आणि कारण नसताना मन हळवे किंवा चिडचिडे होणे, ही त्यांतील नेहमीची लक्षणे होत. मात्र अंगावर पाणी धरण्यात टेस्टोस्टेरॉनचा स्वतःचाही वाटा असतो, तसेच मुरुमे आणि रक्त घट्ट होणे यांचा दोष इस्ट्रोजेनला देता येत नाही, कारण ते टेस्टोस्टेरॉनचेच परिणाम आहेत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेल्यास डॉक्टर बहुधा उपचार काही काळ थांबवतात, त्यामुळे एस्ट्राडायॉल तपासताना हिमॅटोक्रिटची तपासणी विसरू नये.

उपाय बहुतेक वेळा डोसच्या वेळापत्रकात सापडतो. एनॅन्थेट किंवा सिपिओनेट प्रकारचे इंजेक्शन दोन आठवड्यांतून एकदा घेतल्यास पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन फार वर चढते, त्यामागोमाग एस्ट्राडायॉलही चढते, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही घसरतात. तोच एकूण डोस दोन भागांत विभागून दर आठवड्याला एक भाग घेतला, तर हे चढउतार सौम्य होतात आणि अनेकांचा त्रास तेवढ्यानेच कमी होतो. टेस्टोस्टेरॉन गरजेपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर एकूण डोसच कमी करतात. वजन आणि मद्यपान कमी करण्याचा परिणाम सावकाश दिसतो, पण मुळावर उपाय होतो. स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीसारख्या काही औषधांनीही स्तन वाढतात, म्हणून आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

एवढे करूनही त्रास राहिला तरच गोळीचा विचार होतो. अ‍ॅनास्ट्रोझोल हे मुळात स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठीचे औषध असून ते अरोमाटेजला अडवते. पुरुषांना ते दिलेच तर फार थोड्या प्रमाणात आणि तपासण्यांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. मात्रा जास्त झाली की सांधे दुखतात, कामेच्छा मंदावते आणि दीर्घकाळात हाडे विरळ होतात. यातील कामेच्छेची तक्रार टेस्टोस्टेरॉन कमी असतानाही होत असल्याने रुग्ण नकळत टेस्टोस्टेरॉनचा आणखी डोस मागतो, आणि गुंता वाढतो. ओळखीच्या माणसाने दिलेली गोळी कृपया घेऊ नये. स्तनाची वाढ नवी असेल, तर डॉक्टर कधीकधी टॅमॉक्सिफेन हे स्तनावरील इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारे औषध देतात. मात्र वर्षभराहून जुनी गाठ तंतुमय झालेली असते आणि ती औषधाने सहसा विरघळत नाही, म्हणून दुखणे सुरू होताच सांगितलेले बरे. एकाच बाजूला कडक, न सरकणारी गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

आता तपासणीविषयी. पुरुषांमधील एस्ट्राडायॉल इतके कमी असते की नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसे या प्रतिपिंडांवर आधारित पद्धतीत आकडा चुकण्याची शक्यता राहते. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून, केलेली तपासणी अधिक विश्वसनीय ठरते, म्हणून नोंदणी करतानाच पद्धत विचारून घ्यावी आणि पुढच्या वेळीही तीच ठेवावी, अन्यथा दोन रिपोर्टांची तुलना निरर्थक होते. साप्ताहिक किंवा पाक्षिक इंजेक्शन असल्यास नमुना साधारणपणे दोन इंजेक्शनांच्या मध्यावर द्यावा, आणि डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळावी. जेल लावलेल्या दंडाच्या शिरेतून रक्त घेतल्यास त्वचेवरचे औषध नमुन्यात मिसळून टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा वाढू शकतो, तेव्हा जेल कुठे लावले आहे हे रक्त घेणाऱ्याला आधी सांगावे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असल्यास तेही कळवावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे हार्मोनचे आकडे चुकतात. शेवटच्या डोसची तारीख, वेळ आणि मात्रा कागदावर लिहून आणल्यास आम्ही ती रिपोर्टवर नोंदवतो, म्हणजे आकडा चढाचा आहे की उताराचा, हे डॉक्टरांना लगेच कळते.