पार्श्वभूमी : लेफ्टनंट उहुराचा लाल गणवेश

वॉशिंग्टनमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. गुलामांच्या बेड्या तिथे आहेत, गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणारा रेल्वेचा डबा आहे, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून अटक झाली त्या सुमारास रोझा पार्क्स शिवत होत्या तो झगाही आहे. याच संग्रहात एक आखूड लाल झगा जपलेला आहे. काळी कॉलर, बाहीवर सोनेरी फीत, छातीवर डावीकडे बोधचिन्ह. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेत लेफ्टनंट उहुराची भूमिका करताना निशेल निकोल्स तो घालत असत.

एका काल्पनिक अंतराळयानावरचा हा गणवेश बेड्यांच्या आणि रेल्वेच्या डब्याच्या सोबतीला का ठेवला, हे समजून घ्यायचं तर त्याच्या आधीचा गणवेश पाहायला हवा. तो होता मोलकरणीचा अ‍ॅप्रन.

अमेरिकन टीव्हीच्या पहिल्या दशकात कृष्णवर्णीय स्त्री पडद्यावर दिसली, तर बहुतेक वेळा गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात दिसायची. १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्यूला’ या मालिकेची नायिका कृष्णवर्णीय होती खरी, पण ती एका गोऱ्या कुटुंबाकडे राबणारी, त्यांच्या अडचणी सोडवणारी हसतमुख मोलकरीण होती. एथेल वॉटर्स, हॅटी मॅकडॅनियल आणि लुईस बीव्हर्स या तिघींनी आळीपाळीने ती साकारली. तिघीही कसलेल्या अभिनेत्री, आणि तिघींच्याही वाट्याला आला तो अ‍ॅप्रनच. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने अशा मालिकांविरुद्ध आवाज उठवला. पुढे नॅट किंग कोलसारख्या लोकप्रिय कृष्णवर्णीय गायकाला एनबीसी या वाहिनीने स्वतःचा कार्यक्रम दिला, पण देशभराचा प्रायोजक काही मिळाला नाही आणि १९५७ च्या अखेरीस तो बंद पडला. १९६५ मध्ये ‘आय स्पाय’ मालिकेने बिल कॉस्बी या कृष्णवर्णीय अभिनेत्याला बरोबरीची मुख्य भूमिका दिली. बायकांसाठी मात्र दार तसंच अर्धवट लोटलेलं होतं.

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, मतदान हक्क कायद्याला एक. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी याआधीच्या ‘द लेफ्टनंट’ या मालिकेत सैन्यातल्या वर्णद्वेषावर एक भाग केला होता आणि निकोल्स त्यात होत्या. तो भाग तेव्हा प्रसारितच झाला नाही. म्हणजे या दोघांनी ती भिंत आधीच पाहिलेली होती. नव्या मालिकेच्या दुसऱ्या चाचणी-भागात (वाहिनीला दाखवायला आधी केलेल्या नमुना भागात) संदेशवहनाच्या खुर्चीवर लॉइड हेन्स हे कृष्णवर्णीय अभिनेते होते. मालिका सुरू झाली तेव्हा त्या खुर्चीवर उहुरा आली. नाव ‘उहुरू’ या स्वाहिली शब्दावरून घेतलेलं. अर्थ, स्वातंत्र्य.

आता कपड्याकडे येऊ, कारण या गोष्टीचा जीव तिथे आहे. वेशभूषाकार होते विल्यम वेअर थाइस. मालिका दाखवणाऱ्या एनबीसीची मालकी आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीए रंगीत टीव्ही संच विकत होती. संध्याकाळचे सगळे मुख्य कार्यक्रम रंगीत होण्याचं ते पहिलंच वर्ष. त्यामुळे गणवेशांचे रंगही ठसठशीत निवडले गेले: यान चालवणाऱ्यांना सोनेरी, विज्ञान आणि वैद्यकीय शाखेला निळा, अभियांत्रिकी, सुरक्षा आणि संदेशवहनाला लाल. पहिल्या दोन वर्षांत कापड वेलूरचं, म्हणजे मखमलीसारखं होतं, ते धुतलं की आटायचं. तिसऱ्या वर्षी नायलॉनचं विणलेलं कापड आलं. अगदी सुरुवातीला चित्रित झालेल्या भागांत उहुराच्या अंगावर सोनेरी झगा आहे, लाल त्यानंतर आला.

या विभागणीत वर्णाला जागाच नव्हती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाल रंग मुख्य अभियंता स्कॉट यांचा, तोच उहुराचा. यान चालवणाऱ्या सुलूच्या बाहीवर लेफ्टनंटची जी अखंड फीत, तीच तिच्याही बाहीवर. दक्षिणेकडच्या राज्यांत पिण्याच्या पाण्याचे नळ कालपरवापर्यंत वेगवेगळे होते. तिथल्या घराघरांत दर आठवड्याला एक काळी स्त्री दिसत होती, जिचा हुद्दा तिच्या बाहीवर शिवलेला होता. ती चहा आणून देत नव्हती, ती यानाचा संपर्क सांभाळत होती. अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: लहानपणी उहुराला पाहून त्या घरभर ओरडत सुटल्या, टीव्हीवर एक काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाहीये! मुलीच्या नजरेने आधी तो गणवेशच टिपला होता.

झग्याच्या आखूडपणावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. चाचणी-भागांत बायकांनीही पँट घातल्या होत्या. मालिकेत पुरुषांच्या पँट राहिल्या आणि बायकांना मिनी झगे आले. निकोल्स स्वतः मात्र या झग्याची बाजू घेत. त्या काळात मिनी म्हणजे मोकळेपणा होता, त्यात कमीपणा वाटला नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात. वर्णाच्या बाबतीत जो गणवेश समान होता, तो स्त्री-पुरुषांच्या बाबतीत समान नव्हता.

भूमिकेचंही तसंच होतं. हुद्दा मोठा, संवाद थोडे. ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’, म्हणजे संपर्क खुला आहे, एवढंच बऱ्याच भागांत त्यांच्या वाट्याला यायचं. निकोल्स मूळच्या गायिका, जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्यासोबत गायलेल्या, रंगभूमीची ओढ असलेल्या. पहिल्या वर्षानंतर त्यांनी मालिका सोडायचं ठरवलं. पुढची हकिकत त्यांनीच आयुष्यभर अनेकदा सांगितली. एनएएसीपीच्या निधीसाठीच्या एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले. आपण या मालिकेचे चाहते आहोत आणि आपली मुलं ही मालिका बघायला जागी राहतात, असं म्हणाले. निकोल्स यांनी सोडण्याचा बेत सांगताच किंग यांचा चेहरा गंभीर झाला. तुम्ही सोडू शकत नाही, असं त्यांनी बजावलं. जग आपल्याला पहिल्यांदाच जसं पाहायला हवं तसं पाहतंय. निकोल्स राहिल्या. मालिका १९६९ मध्ये तीन वर्षं आणि ७९ भागांनंतर बंद झाली, तोवर गणवेश त्यांच्याच अंगावर होता.

त्या तीन वर्षांतला नोव्हेंबर १९६८ चा, यानाचा कप्तान कर्क आणि उहुराच्या चुंबनाचा प्रसंग सगळ्यात जास्त चघळला जातो. आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी अलीकडे, जून १९६७ मध्ये, घटनाबाह्य ठरवली होती, त्यामुळे तो प्रसंग धाडसाचा होता यात शंका नाही. पण कथेत ते दोघं परक्या शक्तीच्या जबरदस्तीखाली असतात, आणि उहुराच्या अंगावर तेव्हा तो लाल गणवेश नसतो. १९६७ च्या एका भागात ती यंत्राखाली हात घालून संपर्काची जोडणी दुरुस्त करते आणि यानावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक तिच्या कसबाची ग्वाही देतो. मला तो प्रसंग जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर दिसली. पण त्याआधीच, १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात, मुंबईच्या पर्सिस खंबाटा मुंडण करून इलिया ही दिशादर्शक अधिकारी झाल्या होत्या. मुंबईची एक मुलगी उहुरासोबत त्याच यानावर उभी होती.

पडद्यावरचा गणवेश खऱ्या अंतराळ मोहिमांपर्यंत पोचला तो निकोल्स यांच्यामुळेच. नासाकडे स्त्रिया आणि कृष्णवर्णीय फारसे अर्ज करत नव्हते, कारण तिथे आपल्यासारखं कुणी त्यांना कधी दिसलंच नव्हतं. १९७७ मध्ये निकोल्स नासासाठी देशभर फिरल्या. विद्यापीठांत, संघटनांच्या सभांत जाऊन अर्ज करा म्हणून सांगितलं. १९७८ च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले. त्यात सॅली राइडसह सहा स्त्रिया होत्या आणि गायन ब्लूफर्ड, रॉन मॅकनेर, फ्रेड ग्रेगरी हे तीन कृष्णवर्णीय.

लहानपणी शिकागोत उहुराला पाहणाऱ्या मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानातून अंतराळात गेल्या, तिथे पोचणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन स्त्री. कामाची पाळी सुरू करताना त्या ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’ म्हणत. पुढच्या वर्षी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत त्यांनी एक छोटी भूमिका केली. खऱ्या अंतराळवीराने स्टारफ्लीटचा, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाचा, गणवेश घालून त्या मालिकेत काम करण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी सेटवर निशेल निकोल्स त्यांना भेटायला आल्या होत्या.