नक्कल तिसऱ्या अक्षराशी का अडते?

टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचं विटकरी रंगाचं औषध असतं. ते सुरू झालं की लघवी नारिंगी होते, आणि आधी कोणी सांगितलेलं नसेल तर घरचे घाबरतात. रंगात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे औषध क्षयजंतूला मारतं कसं, हे कळायला पेशी आपल्या जनुकांची आरएनएत नक्कल कशी करते इथपासून सुरुवात करावी लागते. कारण रिफाम्पिसिन थेट नक्कल करणाऱ्या यंत्रातच जाऊन बसतं.

डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. क्षयजंतूच्या डीएनएत सुमारे ४४ लाख अक्षरजोड्या आणि सुमारे ४,००० जनुकं आहेत. एखादं प्रथिन हवं असेल तर त्याच्या जनुकाची एकपदरी आरएनए प्रत काढली जाते. अक्षरं तीच, फक्त टीच्या जागी यू. प्रत काढण्याचं काम आरएनए पॉलिमरेज हे एंझाइम करतं. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात अशी तीन वेगवेगळी पॉलिमरेज असतात. जिवाणूकडे एकच, आणि सगळी जनुकं त्याच्याच भरवशावर. ते बंद पडलं की जिवाणूला दुसरी वाट उरत नाही.

हे एंझाइम पाच घटकांचं असतं: दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक छोटासा ओमेगा. आकार खेकड्याच्या नांगीसारखा, आणि डीएनए त्या नांगीच्या फटीत धरला जातो. पण नक्कल कुठून सुरू करायची हे या पाचांना ओळखता येत नाही. त्यासाठी सिग्मा नावाचं सहावं प्रथिन येऊन चिकटतं. ई. कोलाय या जिवाणूत सिग्मा दोन खुणा शोधतं. सुरुवातीच्या साधारण १० अक्षरं आधी टीएटीएएटी, आणि ३५ अक्षरं आधी टीटीजीएसीए. दोन्हींमध्ये १७ अक्षरांचं अंतर असेल तर पकड उत्तम बसते. एखाद-दुसऱ्या अक्षराच्या फरकाने जनुकाचा वापर घटतो. खुणा सापडल्यावर डीएनएचे दोन पदर साधारण १३ अक्षरांपुरते उलगडतात. क्षयजंतूत हे उलगडणं फारसं टिकत नाही, पदर पुन्हा मिटू पाहतात. ते उघडे ठेवायला कार-डी आणि आरबीपी-ए ही दोन जास्तीची प्रथिनं लागतात.

आता खरी नाजूक वेळ. पहिली काही अक्षरं जोडताना पॉलिमरेज जागचं हलत नाही. ते पुढचा डीएनए आपल्याकडे ओढून घेतं आणि उलगडलेला भाग आत दाटीवाटीने साठतो. सिग्मा अजून चिकटलेलं असतं आणि त्याचाच एक फाटा आरएनए बाहेर पडायच्या वाटेत आडवा असतो. परिणामी कित्येकदा दोन ते दहाएक अक्षरांचे निरुपयोगी तुकडे निसटून जातात आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पेशीचा हा वाया जाणारा खर्च थोडाथोडका नसतो. साखळी दहा-बारा अक्षरांची झाली की मात्र साठलेला ताण सुटतो, सुरुवातीच्या खुणांवरची पकड निघते आणि यंत्र मार्गाला लागतं.

मग काम झपाट्याने होतं. ई. कोलायमध्ये वेग सेकंदाला ४० ते ५० अक्षरं. प्रत्येक नवं अक्षर तीन फॉस्फेट घेऊन येतं. दोन मॅग्नेशियम आयनांच्या मदतीने ते साखळीला जोडलं जातं आणि दोन फॉस्फेट बाहेर पडतात. कोणत्याही क्षणी नव्या आरएनएची शेवटची नऊ-दहा अक्षरंच डीएनएला जोडलेली असतात, बाकीचा धागा मोकळा लोंबत राहतो. दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे साधारण एक चूक होते. चुकीचं अक्षर बसलं की यंत्र थोडं मागे सरकतं, आरएनएचं टोक कापतं आणि पुन्हा लिहितं. तरी काही चुका राहतातच. डीएनएची प्रत काढताना एवढ्या चुका परवडल्या नसत्या, पण जिवाणूतला बहुतेक आरएनए काही मिनिटांतच मोडीत निघतो. जनुकाच्या शेवटी आरएनएचा जी आणि सी या अक्षरांनी भरलेला भाग स्वतःवरच दुमडतो, त्यामागे यूची रांग येते, तिची पकड कच्ची असल्याने धागा सुटतो. काही ठिकाणी हे काम ऱ्हो नावाचं प्रथिन करतं.

रिफाम्पिसिन बसतं बीटा घटकाच्या एका खोबणीत. अक्षरं जिथे जोडली जातात तिथून हे ठिकाण फक्त १.२ नॅनोमीटरवर आहे. जोडणीच्या रसायनाला ते हात लावत नाही. आरएनए ज्या वाटेने पुढे सरकतो ती वाट अडवतं. दोन-तीन अक्षरं जोडली जातात, पुढचं टोक औषधावर आपटतं, तुकडा निसटतो. जिथे साखळी आधीच लांब झाली आहे तिथे मात्र औषधाचं काही चालत नाही, कारण त्या जागेत आरएनए बसलेला असतो. ती प्रत पूर्ण होते, नवी सुरू होत नाही. माणसाच्या पॉलिमरेजमध्ये ही खोबणी वेगळी असल्याने औषध तिथे बसत नाही.

गंमत अशी की हेच औषध आपल्या यकृतात नेमकं उलटं करतं. तिथे ते पीएक्सआर या प्रथिनाला चिकटतं, आणि औषधं मोडणाऱ्या एंझाइमच्या जनुकांची नक्कल उलट वाढते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफरिन, काही एचआयव्हीची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. रिफाम्पिसिन सुरू करताना बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, ते यासाठी.

जिवाणूला या औषधातून सुटायला एक अक्षर बदललं तरी पुरतं. जनुकातली तीन-तीन अक्षरं मिळून प्रथिनाची एकेक कडी, म्हणजे अमिनो आम्ल, ठरवतात. बीटा घटकाच्या जनुकात ४५०व्या कडीच्या जागी टीसीजी असतं, म्हणजे सेरीन हे अमिनो आम्ल. मधल्या सीचा टी झाला की ल्युसीन येतं. सेरीन औषधाला धरून ठेवायला मदत करत होतं. ल्युसीन आकाराने मोठं, आणि तशी पकडही त्याला नाही. औषध बसतच नाही. असा बदल साधारण दहा कोटी जिवाणूंत एखाद्यात आपसूक झालेला असतो, आणि फुफ्फुसातल्या एका पोकळीत त्याहून जास्त जिवाणू असू शकतात. म्हणून टीबीचा आजार झालेल्याला रिफाम्पिसिन एकटं देत नाहीत. या बदलाने यंत्र थोडं मंदावतं, पण पुढे बीटा-प्राइममध्ये दुसरा बदल होऊन ती कसरही भरून निघते.

रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल ८१ अक्षरांच्या एकाच पट्ट्यात सापडतो. सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट या चाचण्या याच पट्ट्यावर नजर ठेवतात. कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, आठवडे लागतात, इथे काही तासांत उत्तर मिळतं. जुन्या सीबीनॅटमध्ये पाच शोधक, म्हणजे ठरावीक अक्षरांनाच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, या पट्ट्यावर बसतात. एखादा बसला नाही तर 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स' असा रिपोर्ट येतो. यात दोन प्रकारे फसगत होते. ४३३व्या जागी टीटीसीचं टीटीटी झालं तरी दोन्हींचा अर्थ फेनिलॲलनीनच. प्रथिन जसंच्या तसं, औषध लागू पडणारं, पण शोधक अडखळतो. दुसरीकडे इस्वातिनी या आफ्रिकी देशात पसरलेला ४९१व्या जागेचा बदल पट्ट्याच्या बाहेर आहे, त्यामुळे या चाचणीत तो दिसतच नाही. औषधं नियमित घेऊनही दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसत असतील, तर पहिला रिपोर्ट चांगला होता म्हणून थांबू नये; कल्चर करून औषधांचा परिणाम तपासावा किंवा ते पूर्ण जनुक वाचून घ्यावं.